बेंगाल मांजर घरी आणताना: खानदेशातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

अंगावर बिबट्यासारखे ठिपके, लांबसडक देह, चालण्यात रानटी डौल आणि हात फिरवला तर रेशमासारखी लव, अशा मांजराचे छायाचित्र मोबाइलवर आले की घरातील मुले हट्ट धरतात आणि पुष्कळदा मोठ्यांचेही मन विरघळते. आमच्या अमळनेरच्या घरात असेच झाले. पिल्लू आणले त्या संध्याकाळी मोठ्या मायने चष्मा वर करून ते नीट न्याहाळले आणि अहिराणीत विचारले, ‘‘हाई मांजर शे का वाघ शे?’’ आम्ही सगळे हसलो. पण तिचा प्रश्न किती नेमका होता, हे पुढच्या चार महिन्यांत दोन पडदे, एक मिक्सरचे भांडे आणि बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) अख्खा घाणा गमावल्यावर आमच्या लक्षात आले.

या जातीबद्दलच्या बहुतेक तक्रारी एकाच कारणाने उद्भवतात, असे माझे मत झाले आहे. कुटुंब रूप पाहून मांजर आणते आणि त्याला दिवसभर उद्योग पुरवण्याची तयारी मात्र केलेली नसते. ही तयारी कशी करावी, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी: हे मांजर कोठून आले ते समजून घ्यावे

बेंगाल म्हणजे बंगालमधील मांजर नव्हे. आशियातील एका लहान रानमांजराचे शास्त्रीय नाव ‘प्रायोनेल्युरस बेंगालेन्सिस’ असे आहे. इंग्रजीत त्याला लेपर्ड कॅट म्हणतात आणि आपल्याकडे अशा छोट्या ठिपकेदार रानमांजरांना वाघाटी हे नाव सरसकट वापरले जाते. या रानमांजराचा आणि पाळीव मांजराचा संकर अमेरिकेतील जीन मिल यांनी 1963 मध्ये केला. पुढे 1970च्या दशकात विलार्ड सेंटरवॉल या शास्त्रज्ञांनी मांजरांच्या ल्युकेमियावरील संशोधनासाठी असेच संकर केले, आणि त्यांच्याकडील काही संकरित मांजरे मिल यांच्याकडे आल्यावर आजच्या जातीचा पाया घातला गेला. यात आपल्या देशाचाही वाटा आहे. मिल 1980च्या दशकात भारतात आल्या असताना दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात राहणारा एक नारिंगी, ठिपकेदार बोका त्यांना दाखवण्यात आला. तो अमेरिकेत नेऊन त्यांनी पैदाशीत वापरला. आज या जातीच्या लवेवर उन्हात जी सोनेरी चमक दिसते, ती त्या दिल्लीच्या बोक्याकडून आली असे मानले जाते. मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ‘टिका’ (टीआयसीए) या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1986 मध्ये बेंगालला नवी जात म्हणून स्वीकारले आणि 1991 मध्ये स्पर्धेत पूर्ण दर्जा दिला.

रानमांजराशी थेट संकर झालेल्या पिढीला एफ-1 म्हणतात, त्यानंतर एफ-2 आणि एफ-3. या पहिल्या तीन पिढ्या बुजऱ्या असतात, त्यांना सांभाळण्यासाठी अनुभव लागतो आणि मुलाबाळांच्या घरात त्यांचे काम नाही. चौथ्या पिढीपासून पुढची मांजरे पाळीव समजली जातात, आणि कुटुंबाने त्याच पिढ्यांचा विचार करावा. दाराशी गाय आणताना तिची वंशावळ विचारणारे आपण लोक आहोत. मांजराच्या बाबतीत तो प्रश्न विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

येथेच एक इशारा द्यावासा वाटतो. केळीच्या बागेत किंवा उसाच्या फडात कधी कधी ठिपकेदार पिल्ले सापडतात आणि ‘फुकटात बेंगाल मिळाले’ म्हणून कोणी ती घरी आणतो. ती रानमांजराची पिल्ले असतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे आणि ती पाळणे हा गुन्हा आहे. आई बहुधा जवळच असते व रात्री पिल्ले हलवते. म्हणून पिल्लांना हात न लावता तेथील काम थांबवावे आणि वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे.

दुसरी पायरी: घरात बसून चार प्रश्न विचारावेत

पहिला प्रश्न वेळेचा. सकाळी आणि रात्री मिळून किमान तासभर कोणीतरी या मांजराशी प्रत्यक्ष खेळणार आहे का, आणि उरलेल्या दिवसात घर पूर्ण रिकामे राहणार नाही ना? दुकान, शाळा आणि नोकरी यांत सर्वजण दहा तास बाहेर असतील, तर बेंगाल आणू नये. त्या घराला आपले साधे गावठी मांजर कितीतरी अधिक सुख देईल, आणि ते गल्लीतच निराधार फिरत असते.

दुसरा प्रश्न स्वयंपाकघराचा. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला आहारातूनच घ्यावा लागतो, तो प्राणिज पदार्थांतच मिळतो आणि तो कमी पडल्यास डोळे व हृदय दोन्ही निकामी होतात. खानदेशात शाकाहारी घरांची संख्या मोठी आहे, आणि दूध-पोळीवर मांजर वाढते असा समज अजूनही आहे. शाकाहारी घराने पाकिटातील तयार खाद्य देण्याचे ठरवले तर अडचण येत नाही. मात्र त्या पाकिटातही मांस किंवा मासळीच असते, हे घरातील वडीलधाऱ्यांना आधी स्पष्ट सांगावे. नंतर पाकिटावरील चित्र पाहून वाद होण्यापेक्षा ते बरे.

तिसरा प्रश्न घरातील इतर जिवांचा. पोपट, लव्हबर्ड, माशांची टाकी किंवा परसात कोंबडीची पिल्ले असतील, तर शिकारीची जाज्वल्य ओढ असलेले मांजर आणणे म्हणजे रोजची धास्ती. चौथा प्रश्न घरमालकाचा, कारण भाड्याच्या घरात खिडक्यांना जाळ्या बसवू देण्याची परवानगी मिळाली नाही, तर पुढील सारेच अडते.

तिसरी पायरी: पिल्लू पारखून घ्यावे

बहुतेक लोक पिल्लू मुंबई, पुणे, नाशिक किंवा सुरतेहून आणतात, आणि व्यवहार फोनवरच ठरतो. माझ्या एका नातेवाइकाने असाच फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवले आणि हातात आले ते चांगले गुटगुटीत, पट्टेरी, पण पूर्णपणे गावठी पिल्लू. त्याने ते प्रेमाने वाढवले, ही गोष्ट वेगळी. पैसे मात्र गेलेच. म्हणून प्रत्यक्ष जाऊन पिल्लाची आई पाहावी. बेंगालच्या अंगावर सुटे ठिपके, गडद कडा असलेल्या फुलासारख्या खुणा किंवा संगमरवरासारखी वळणे असतात, आणि त्या खुणा पोटावरही असतात. साध्या पट्टेरी मांजराच्या कपाळावर इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी खूण असते तशी बेंगालच्याही असते, त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

पिल्लू 12 आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळच राहिलेले असावे. त्याआधी तोडलेले पिल्लू चावण्याचे तारतम्य शिकत नाही, आणि बेंगालसारख्या दांडग्या जातीत ही उणीव वर्षानुवर्षे हातांवर दिसत राहते. विक्रेत्याला पिढी, लसीकरणाचे कार्ड आणि आई-वडिलांच्या तपासण्या विचाराव्यात. या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार, दृष्टी हळूहळू जाण्याचा एक आनुवंशिक विकार आणि पायरुव्हेट कायनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय आढळतो. शेवटच्या दोहोंसाठी जनुकीय चाचणी उपलब्ध आहे, तर हृदयासाठी सोनोग्राफी करावी लागते. ‘असले काही लागत नाही साहेब’ असे उत्तर मिळाले, तर चहा पिऊन परत यावे.

चौथी पायरी: पिल्लू येण्यापूर्वी घर सज्ज करावे

बेंगाल मांजर सहज पाच-सहा फूट उभी उडी मारते, पंजाने दाराचा दांडा खाली ओढते आणि जेथे डोके शिरते तेथून अंग काढते. खिडक्यांना साधी मच्छरजाळी पुरत नाही. तारेची किंवा स्टीलची घट्ट जाळी बसवावी. दारांना दांड्याऐवजी कडी किंवा अल्ड्रॉप असेल तर उत्तम. जुन्या धाब्याच्या घरांत छताच्या झरोक्याला झाकण आहे का ते पाहावे, कारण पिल्लू आढ्यावरून झरोक्यात आणि तेथून शेजारच्या धाब्यावर केव्हा पोहोचते ते कळत नाही.

पाण्याची साठवण हा आपल्याकडील खास धोका आहे. नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावांत प्रत्येक घरी टाक्या, पिंप आणि बादल्या भरून ठेवलेल्या असतात, आणि या जातीला पाण्याचे विलक्षण आकर्षण असते. अर्ध्या भरलेल्या पिंपाच्या गुळगुळीत भिंतीवरून पिल्लाला वर चढता येत नाही. प्रत्येक पिंपाला झाकण आणि झाकणावर वजन, हा नियम पहिल्या दिवसापासून लावावा. स्वयंपाकघरातून बाहेर पडताना गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. देवघरातील निरांजन, उघडी समई, डांबराच्या गोळ्या, फिनेल, शिवणाच्या सुया आणि दोरे या सर्वांना बंद कपाटात किंवा काचेआड जागा द्यावी. अंगणातील कण्हेर, कुंडीतील लिली आणि सायकस ही झाडे मांजरासाठी विषारी आहेत. त्यांतही लिलीचे परागकण अंगाला लागून ते चाटले गेले, तरी मूत्रपिंड बंद पडू शकते.

शेतकरी कुटुंबांनी आणखी एक काळजी घ्यावी. गाई-म्हशींच्या गोचिडांवर जी औषधे लावतात, त्यांतील पायरेथ्रॉइड गटाची औषधे मांजराला झटके आणून मारू शकतात. फवारणीचे कपडे, उंदीर मारण्याचे औषध आणि ते खाऊन मेलेला उंदीर हे तिन्ही मांजराच्या वाटेत येता कामा नयेत.

पाचवी पायरी: पहिला आठवडा एका खोलीत

नव्या पिल्लाला पूर्ण घर एकदम मोकळे करून देऊ नये. एका शांत खोलीत त्याचे पाणी, खाणे, झोपण्याचे खोके आणि दुसऱ्या कोपऱ्यात लिटरचा, म्हणजे शौचासाठीच्या मातीचा, ट्रे ठेवावा, आणि आठवडाभर घरातील माणसांनी आळीपाळीने तेथे जाऊन जमिनीवर बसावे. आपल्याकडे नवे पिल्लू आले की गल्ली पाहायला येते. पाहुण्यांना नम्रपणे थांबवावे. सात दिवसांनी ते पिल्लू स्वतःच बैठकीत येऊन त्यांच्या मांडीवरून धावेल.

ट्रे मोठा घ्यावा, मांजराच्या लांबीच्या दीडपट. घरात एक मांजर असेल तर दोन ट्रे ठेवणे योग्य. गोळे होणारे बेंटोनाइट मातीचे लिटर सोयीचे पडते. लाकूड वखारीतील भुसा स्वस्त असला तरी तो घरभर पसरतो. ट्रे रोज साफ करावा. घरात गर्भवती स्त्री असेल तर हे काम दुसऱ्या कोणी करावे, कारण मांजराच्या विष्ठेतून गर्भाला घातक अशा टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो. मांजर ट्रेबाहेर घाण करू लागले तर त्याला मारू नये. आधी लघवीची तपासणी करावी. बोक्याने वारंवार ट्रेमध्ये बसून लघवी न होणे ही तातडीची बाब आहे आणि त्यात सकाळची वाट पाहू नये.

सहावी पायरी: खाणे

याबाबत फार लिहिण्यासारखे नाही. पिल्लाला पिल्लांचेच तयार खाद्य दिवसातून चार वेळा आणि वर्षानंतर दोन-तीन वेळा द्यावे, त्यात ओल्या खाद्याचा भाग ठेवावा, आणि घरी शिजवलेली कोंबडी किंवा मासळी मीठ-मसाल्याविना व हाडे काढून अधूनमधून द्यावी. शिजलेली हाडे चिरफळून आतडे फाडतात. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही.

अडचण आपल्या चवीची आहे. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, आणि खानदेशी स्वयंपाकात या दोन गोष्टींवाचून पान हलत नाही. वांग्याच्या भरिताचे बोट चाटवणे, शेवभाजीच्या रश्श्यात भिजवलेला भाकरीचा तुकडा टाकणे, कोंबडीच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यातील फोड धुऊन देणे, हे सारे प्रेमापोटी होते आणि ते थांबवावेच लागते. आमच्याकडे काका ऐकेनात, तेव्हा पशुवैद्यांनाच फोनवर त्यांच्याशी बोलायला लावले.

सातवी पायरी: रोजचा उद्योग

ही पायरी नीट जमली तर बाकीच्या चुका निभावून जातात. मांजराच्या दिवसाचा क्रम ठरलेला असतो: दबा धरणे, झडप घालणे, खाणे, अंग चाटणे, झोपणे. बेंगालमध्ये यातील पहिले दोन टप्पे फार प्रबळ असतात. खाणे वाटीत आयते मिळाले की उरलेली ताकद पडद्यांवर निघते. म्हणून प्रत्येक जेवणाआधी 15 ते 20 मिनिटे शिकारीचा खेळ घ्यावा. हातभर काडीला दोरी आणि दोरीला पीस किंवा चिंधी बांधली की साधन तयार झाले. ते मांजराच्या तोंडावर नाचवू नये. उंदीर जसा भिंतीच्या कडेने सरकतो, थांबतो आणि सोफ्याखाली गडप होतो, तसे ओढावे. आमच्या टिपूचे पाहावे तर पीस दाराआड गेले की तो आधी पोट जमिनीला टेकवतो, मग मागचे पाय जागच्या जागी दोन-चारदा हलवतो, शेपटीचे टोक तेवढे थरथरते आणि कान पुढे येतात. त्या क्षणी दोरी थांबवली तर तो पूर्ण मिनिटभर तसाच राहतो. ते मिनिट त्याला पळण्याइतकेच थकवते. खेळ संपताना पीस त्याला पकडू द्यावे आणि लगेच खाणे वाढावे. लेझरच्या ठिपक्याने खेळवायचे असल्यास शेवटी एखादी खरी वस्तू पंजात येऊ द्यावी, नाहीतर मांजर चिडचिडे होते आणि भिंतीवरील प्रत्येक कवडशावर धावून जाते.

रात्रीचा खेळ दहाच्या सुमारास आणि त्यानंतर दिवसातील शेवटचे खाणे, हा क्रम पाळल्यास पहाटे चारला पायाची बोटे चावून उठवण्याची सवय बहुधा मोडते. पहाटे उठून एकदा जरी खायला दिले, तरी मांजर ते जन्मभर विसरत नाही. आम्ही दिले होते.

उंची हवीच. गावातील सुताराकडून भिंतीवर फूटभर रुंदीच्या फळ्या पायऱ्यांसारख्या बसवून घ्याव्यात आणि त्यांवर गोणपाट किंवा सतरंजीचा तुकडा खिळवावा. आम्ही पहिल्या फळ्या आठ इंचांच्या बसवल्या. टिपू चढायचा, पण वळताना मागचा पाय घसरायचा आणि तो थेट टीव्हीवर उतरायचा. सगळ्यात वरची फळी खिडकीजवळ असावी. समोरच्या कडुनिंबावरील साळुंक्या पाहण्यात त्याचे तासच्या तास जातात. नखे घासण्यासाठी काथ्या गुंडाळलेला पुरुषभर उंचीचा खांब ठेवावा. तो हलता कामा नये, कारण हलणारा खांब मांजर एकदाच वापरते. नखे मुळापासून काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विचारही करू नये. ती प्रत्यक्षात बोटांची टोके कापणे असते.

पाण्याची आवड कामी आणावी. मोठ्या परातीत दोन बोटे पाणी घेऊन त्यात पिंगपाँगचे चेंडू सोडावेत. फरशी ओली होते, पण घरात शांतता राहते. कोरड्या खाद्याचे दाणे अंड्याच्या पुठ्ठ्याच्या खळग्यांत किंवा भोके पाडलेल्या बाटलीत ठेवले, तर जेवणासाठी काम करावे लागते. ही मांजरे नाव, ‘बस’ आणि ‘ये’ यांसारख्या आज्ञा खाऊच्या तुकड्यावर आठवडाभरात शिकतात, आणि घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे हे काम सोपवल्यास दोघेही गुंततात.

बाहेर फिरवायचे असेल तर गळ्यातील पट्ट्याने नव्हे, छाती आणि पोटाला बसणाऱ्या हार्नेसनेच फिरवावे. आधी घरात आठवडाभर रोज दहा मिनिटे नुसते घालून ठेवावे, मग दोरी जोडावी, मग अंगणात जावे. पट्ट्याखाली दोन बोटे जातील इतपत तो सैल असावा. त्याहून सैल असल्यास घाबरलेले मांजर मागे सरकत त्यातून अलगद निसटते. गल्लीत मोकळे सोडणे मात्र मी कोणालाही सुचवणार नाही. कुत्री, वाहने, चोरी आणि संक्रांतीच्या दिवसांत कौलांवर-गच्च्यांवर अडकलेला नायलॉन मांजा, एवढी कारणे पुरेशी आहेत.

आठवी पायरी: उन्हाळा

जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि हे मांजर थंड हवेच्या प्रदेशात घडलेल्या वंशाचे नसले तरी त्या उन्हाचा सामना करायला त्यालाही मदत लागते. मांजराला घाम फक्त पंजांच्या तळव्यांना येतो. बाकी गारवा ते अंग चाटून मिळवते. खेळ सकाळी सातच्या आत आणि दिवेलागणीनंतर घ्यावा. कुंभाराकडील पसरट परळे घेऊन तीन-चार ठिकाणी पाणी ठेवावे, कारण मातीतले पाणी गार राहते आणि खाण्याच्या वाटीपासून दूर असलेले पाणी मांजर अधिक पिते. वरच्या मजल्याची पत्र्याची खोली दुपारी बंद ठेवावी. कूलर चालू असताना एक खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. वीज गेल्यास तळमजल्यावरील जाड भिंतींची खोली आणि ओली करून पिळलेली गोणी, ही सोय आधीच ठरवलेली असावी.

मांजर कुत्र्यासारखे तोंड उघडून धापा टाकू लागले, लाळ गाळू लागले किंवा लटपटू लागले, तर तो उष्माघात समजावा. बर्फ लावू नये. साध्या गार पाण्याने अंग, पोट आणि पंजे भिजवून पंख्याखाली ठेवावे आणि त्याच अवस्थेत दवाखान्यात न्यावे.

उन्हाळा म्हणजे वाळवणांचाही काळ. गच्चीवर लुगडे अंथरून त्यावर बिबडे घातलेले, चारी कोपऱ्यांवर दगड, आणि टिपू कठड्याच्या सावलीत बसून वाऱ्याने फडफडणाऱ्या एका कोपऱ्याकडे टक लावून आहे, हे दृश्य मला आजही दिसते. दगड घसरला, कोपरा उडाला आणि त्याने झेप घेतली. पुढे तो लुगड्यासकट पायऱ्यांपर्यंत गेला. काकूंनी तीन दिवस माझ्याशी बोलणे टाकले होते. वाळवणाच्या दिवशी पहाटेच त्याला भरपूर खेळवून, खाऊ घालून कूलरच्या खोलीत कडी लावून ठेवणे, हा आता आमच्या घरचा रिवाज आहे.

नववी पायरी: आरोग्य

तालुक्याच्या गावी पशुवैद्य बहुधा गाई-बैलांचे असतात. मांजरांवर नियमित उपचार करणारा आणि भूल देण्याची सोय असलेला दवाखाना जळगाव, धुळे किंवा नाशिक येथे कोठे आहे, याची चौकशी पिल्लू आणण्याआधीच करावी आणि तेथील रात्रीचा फोन क्रमांक फ्रिजवर चिकटवावा. आठव्या-नवव्या आठवड्यापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या विषाणूंविरुद्धची एकत्रित लस 16 आठवड्यांपर्यंत द्यावी, रेबीजची लस 12 आठवड्यांनंतर द्यावी, आणि पुढील मात्रा वर्षाने घ्याव्यात. जंताचे औषध वजनावरून डॉक्टरांनी ठरवावे. नसबंदी साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात करावी, कारण वयात आलेला बेंगाल बोका भिंतींवर फवारे मारतो आणि त्याचा आवाज तीन घरे ओलांडून जातो.

माणसांची औषधे स्वतःच्या मनाने देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

लहान मुलांना दोन नियम शिकवावेत: झोपलेल्या किंवा खाणाऱ्या मांजराला हात लावायचा नाही, आणि हाताच्या बोटांनी खेळवायचे नाही. ओरखडा किंवा चावा बसलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, मांजर घरचे आणि लस दिलेले असले तरीही.

हरवल्यास

कितीही दक्षता घेतली तरी लग्नघरात, पाहुण्यांच्या वर्दळीत किंवा दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरून दार उघडे सापडताच मांजर निसटू शकते. प्रत्येक बेंगालच्या अंगावरील खुणा वेगळ्या असतात, म्हणून त्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीची स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवावीत. पशुवैद्याकडे मायक्रोचिपची सोय असल्यास तीही बसवून घ्यावी. शोध रात्री घ्यावा. पहिल्या दोन दिवसांत ते बहुधा चार-पाच घरांच्या आतच, पाण्याच्या टाकीमागे किंवा सरपणाच्या ढिगात दडलेले असते, आणि गल्ली शांत झाल्यावर खाद्याचा डबा वाजवला की उत्तर देते.

शेजाऱ्यांना मांजर आधीच दाखवून ठेवावे. रावेर-यावलच्या पट्ट्यात बिबट्या खरोखरच वस्तीजवळ दिसतो, आणि अंधारात कौलावर बसलेले ठिपकेदार जनावर पाहून लोक काठ्या घेऊन बाहेर पडले तर त्यांना दोष देता येणार नाही. टिपू एकदा निसटला तेव्हा आमच्या मागच्या गल्लीतील भाऊंनी अर्ध्या रात्री फोन करून एवढेच विचारले, ‘‘तुमचा आहे की आम्ही वनखात्याला बोलवू?’’ मी डबा घेऊन धावलो.